कीडवालीची नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. तांब्याची, वीतभर लांब, मधोमध किंचित वाकलेली. माझ्या एका टोकाला काजळी आहे आणि दुसऱ्या टोकाला दातांच्या खुणा. काजळी कितीही घासली तरी जात नाही. खुणांपैकी बहुतेक कोणाच्या आहेत ते मी विसरले आहे, पण एक ओरखडा असा आहे की त्यावरून कोणी बोट फिरवलं तर आजही मला कुठेतरी लपावंसं वाटतं. त्याबद्दल सांगायचं म्हणूनच आज तोंड उघडलं आहे. तशी मला तोंडं दोन आहेत, पण बोलायच्या कामी एकही कधी आलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेकडो बहिणींबरोबर मला कापलं, घासलं आणि खोक्यात भरलं. पुढे एका मोटारबोटीच्या इंजिनात माझी नेमणूक झाली. टाकीतलं डिझेल इंजिनाला पाजायचं, एवढंच काम. मी ते इमानेइतबारे केलं. मग एके दिवशी ती बोट खडकावर आपटली, इंजिन भंगारात निघालं आणि माझ्या आयुष्यातलं सरळसाधं पर्व संपलं.

ज्या मिस्त्रीने ते इंजिन खोललं, त्याची दाढ नेमकी त्याच आठवड्यात ठणकत होती. तुम्हाला वाटेल, यात काय विशेष? दवाखान्यात जायचं. पण ती वस्ती कुठे होती ते आधी ऐका. नदी तिथे इतकी रुंद आहे, की पलीकडच्या काठावरचा माणूस हात हलवतोय की जाळं झटकतोय ते कळत नाही. रस्ता नाही. मीठ, पत्र, नवरी, जे काय यायचं ते पाण्यावरून. सगळ्यात जवळचं इस्पितळ खालच्या अंगाला, बोटीने सात तासांवर. त्यामुळे दाढ दुखली की माणूस आधी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचा, मग लवंग धरायचा, मग तुरटी, मग तंबाखूची चिमूट. एवढं करूनही भागलं नाही, की गाल धरून कीडवाली मावशीच्या दारात जाऊन बसायचा. मिस्त्रीही तसाच गेला.

कीडवाली मावशी म्हणजे उंच, हाडकुळी बाई. आवाज मात्र बोटीच्या भोंग्यासारखा. धक्क्याच्या वरच्या अंगाला तिची दोन खोल्यांची झोपडी होती. नवरा कधीच वारला होता. पदरी एकच लेक. दातांतली कीड काढायची विद्या तिला तिच्या सासूने दिली होती आणि सासूला तिच्या आईने. मावशीच्या स्वतःच्या तोंडात चारच दात उरले होते. त्यावरून कोणी थट्टा केली तर ती म्हणायची, "माझ्या किडी घरच्या पडल्या ना. घरच्यांनी कधी कोणाचं ऐकलंय?"

तेव्हा ती पपईच्या पानाचा पोकळ देठ नळी म्हणून वापरायची. तो दर खेपेला मऊ पडायचा आणि धूर मधूनच फुटून डोळ्यांत जायचा. मिस्त्रीचे डोळे चुरचुरले तसा तो वैतागला.

"मावशी, ही काय नळी झाली? दाढ राहिली बाजूला, डोळे फुटायची पाळी आली."

"मग आण की तू चांगली. मोठा इंजिनवाला ना तू?"

दुसऱ्या दिवशी त्याने मला आणून दिलं. मधोमध वाकवून, कडा घासून, आतून फुंकून साफ केलेली. मावशीने मला उजेडात धरलं, एका डोळ्याने आरपार पाहिलं आणि म्हणाली, "ही माझ्यामागेही टिकेल." तिचा तो एक शब्द मात्र खरा ठरेलसं दिसतं.

आता मावशीचं काम कसं चालायचं ते सांगते. एका पसरट परातीत पाणी. पाण्याच्या मधोमध वीट. विटेवर तापून लाल झालेला खापराचा तुकडा. नदीकाठी एक काटेरी झुडूप उगवतं, त्याला गोल पिवळी फळं येतात. त्या फळांच्या बिया मावशी वाळवून डब्यात ठेवायची. तेलात भिजवलेल्या चिमूटभर बिया ती त्या खापरावर टाकायची आणि वरून बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं घालायची. त्या भोकात मी. माझं एक टोक मडक्यात, दुसरं आजाऱ्याच्या तोंडात. ओठ भाजू नयेत म्हणून तोंडाकडच्या टोकाला ओला फडका गुंडाळलेला. आजाऱ्याने धूर दुखऱ्या दाढेवर घ्यायचा आणि लाळ परातीत सोडायची. शेजारी बसून मावशी दरडावायची, "नीघ! नीघ मेले! कुठवर लपशील?"

थोड्या वेळाने मडकं उचललं, की पाण्यावर किडी तरंगताना दिसायच्या. बारीक, पांढऱ्या, वाकड्या. एकेकीच्या टोकाला काळा ठिपका. "ते तिचं तोंड," मावशी समजावून सांगायची. मग काडीने एकेक बाजूला सारत ती मोठ्याने मोजायची. मिस्त्रीने माझ्यातून पुन्हा धुरी घेतली तेव्हा त्याच्या दाढेतून सात निघाल्या. दुकानदाराच्या अकरा निघाल्या, तर त्याला एवढा अभिमान वाटला की त्या त्याने काडीपेटीत घालून सासुरवाडीला दाखवायला नेल्या.

आणि माझं कौतुक तर विचारू नका. लोक मला दोन्ही हातांनी घ्यायचे. म्हातारी माणसं डोळ्यांना लावायची. पोटात डिझेल वाहून वाहून कंटाळलेली मी, आता चार वस्त्यांत माझं नाव झालं होतं. मावशी दर आठवड्याला मला राखेने घासायची आणि खुंटीवर टांगायची. तिच्या घरातल्या कुठल्याही भांड्याचा एवढा थाट नव्हता.

पण मित्रांनो, मडक्याच्या आत काय चालतं ते पाहणारी त्या घरात मी एकटीच होते. बाहेर बसलेल्यांना फक्त मडकं दिसायचं. आत बी तापायची, तट्कन फुटायची आणि तिच्या पोटातला पांढरा कोंब उडून पाण्यात पडायचा. काळा ठिपका म्हणजे कोंबाचं करपलेलं टोक. माझ्या दुसऱ्या टोकाला, माणसाच्या दाढेत, एकही कीड नव्हती. तिथे होता खड्डा, काळा, कुजका आणि खोल जाणारा. पहिल्याच दिवशी, मिस्त्रीच्या वेळीच, मला हे कळलं.

मावशी लबाड होती असं मात्र समजू नका. तिला खरोखर वाटायचं की कीड निघते. मडकं उचलल्यावर तिचाही चेहरा उजळायचा. लबाड कोणी असेल तर मी होते. मला बोलता येत नव्हतं हे खरं, पण खुंटीवरचा तो मान पाहता मला बोलावंसंही वाटत नव्हतं.

धुराची ऊब लागून दुखणं तासाभरापुरतं हलकं व्हायचं. काहींचं परत सुरू व्हायचं आणि ते परत यायचे. काहींचं मात्र चार दिवस ठणकून ठणकून एका सकाळी अचानक थांबायचं. ते हसत हसत सांगायला आले, की मावशी मांडीवर थाप मारून म्हणायची, "मेली!" हा एक शब्द साऱ्या काठावर माहीत होता. मेली म्हणजे कीड मेली, माणूस सुटला. त्यांतल्या काहींचा गाल पुढे महिन्या-दोन महिन्यांनी सुजायचा, हिरडीतून पू यायचा. एक नावाडी आणि एक बाळंतीण तापाने गेली. त्या तापाचा आणि मेलेल्या किडीचा संबंध कोणी लावला नाही.

मग कधीतरी दातांची बोट यायला लागली. पांढरी, बुटकी, आत एक खुर्ची आणि एक दिवा असलेली. नदीला भरपूर पाणी असेल तेव्हाच ती इतक्या वर येऊ शकायची, म्हणजे वर्षातून दोनदा. एकच दिवस थांबायची. बोटीवरच्या डॉक्टरीणबाई दिवसभरात चाळीस माणसं तपासायच्या, त्याहून एकही जास्त जमायचं नाही. म्हणून चाळीस पत्र्याचे बिल्ले आधीच दुकानदाराकडे पाठवलेले असायचे. ज्याच्याकडे बिल्ला, त्याचा नंबर. बाकीच्यांनी पुढच्या खेपेची वाट पाहायची.

पहिल्याच खेपेला मावशी मला पिशवीत घालून बोट बघायला गेली. आपल्या धंद्यात हे कोण नवीन आलं, ते बघायला नको? खुर्चीत धक्क्यावरचा तिकीटवाला बसला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडात छोटा आरसा घातला आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"ही दाढ दुखत नाही?"

"दुखायची. दोन महिने झाले, थांबली. मावशीनं कीड मारली माझी."

"कीड नाही हो. आतली नस मेली, म्हणून दुखत नाही."

तसा मावशीचा भोंगा दारातून वाजला. "मेली ना? तेच तर मी म्हणते! बाई, तुम्ही नस म्हणा, मी कीड म्हणते. मेली ती मेली!"

धक्क्यावर उभी असलेली सगळी माणसं खो खो हसली. तिकीटवाला उघड्या तोंडाने हसला. डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. "मावशी," त्या म्हणाल्या, "नस मेली म्हणजे..." पण मागे अजून तेवीस बिल्ले उभे होते, एक पोर रडत होतं आणि बोटवाला पाणी उतरतंय म्हणून घाई करत होता. ते वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी तिकीटवाल्याची दाढ काढली, पुढच्याला बोलावलं. मावशी घरी आली ती विजयी मुद्रेने. त्या दिवसापासून ती प्रत्येकाला सांगायला लागली, "बोटवाल्या बाईपण हेच म्हणतात. मेली की दुखत नाही." आमच्या भाषेत नसही मेलीच आणि कीडही मेलीच. त्या एका शब्दावर दोघी एकमेकींना भेटल्या आणि दोघींना वाटलं की आपलं जुळलं.

आता मावशीच्या लेकीबद्दल सांगते. तिला सगळे सुई म्हणायचे. बारीक अंगाची आणि हातात सतत जाळं विणायची लाकडी सुई, म्हणून सुई. पलीकडच्या काठावर दिली होती. नवरा मासे धरायचा आणि ती जाळी विणायची, फाटलेली सांधायची. तिच्यासारखी गाठ कोणाची बसत नसे. डाव्या हाताने दोरा ताणायचा, त्याचं दुसरं टोक उजव्या दाढेत धरायचं आणि मानेला एक झटका द्यायचा. करकचून गाठ. पंधरा वर्षं दिवसाला हजार झटके. त्या नायलॉनच्या दोऱ्याने तिच्या खालच्या दाढेत एक चर पाडली होती, आणि त्या चरीतून दाढ पोखरत गेली.

बोट यायला आठवडा उरला होता तेव्हा ती होडीत बसून आईकडे आली. उजवा गाल हाताने धरलेला. गळ्यात दोरीने अडकवलेला बिल्ला, नंबर एकोणीस.

"अगं, हे काय गळ्यात?" मावशीने विचारलं.

"बोटीचा बिल्ला. ह्यांनी दुकानात तासभर उभं राहून मिळवला. आई, मला आता सोसत नाही गं. बोट येईपर्यंत तेवढं धुरीवर भागव."

"आणि मी इथं काय माशा मारते का? माझी लेक खुर्चीत बसून तोंड वासणार? लोक काय म्हणतील!"

सुई हसली. हसताना तिला कळ आली आणि डोळ्यांत पाणी. "लोकांचं तू बघ. तुझी धुरी पण घेते, त्यांची खुर्ची पण घेते. मग तर झालं?"

मावशीने परात मांडली. मी सुईच्या तोंडात गेले. मित्रांनो, तिच्या त्या दाढेत मी जे पाहिलं ते सांगवत नाही. खड्डा तळापर्यंत गेला होता. पाण्यावर नऊ कोंब तरंगले. "नऊ!" मावशीने जाहीर केलं. पण दुखणं काही थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुरी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सुई भिंतीला डोकं टेकून बसायची, भाताचं पाणी तेवढं प्यायची. मावशी तिच्या उशाशी बसून गालाला तेल चोळायची आणि त्या किडीला अशा शिव्या द्यायची की ऐकणाऱ्याला घाम फुटावा.

पाचव्या दिवशी सकाळी सुई उठली आणि ओसरीवर येऊन बसली. गालावरचा हात खाली होता.

"आई."

"काय गं?"

"थांबलं."

मावशीने हातातला तांब्या तिथेच ठेवला. "खरंच?"

"काहीच नाही. दाबलं तरी काही नाही. जशी काही ती दाढ माझी नाहीच."

मावशीने मांडीवर अशी थाप मारली की शेजारच्या कोंबड्या उडाल्या. "मेली! मेली रांड! बघितलंस? मोठी आली बिल्लेवाली!"

त्या दिवशी त्या दोघी किती खूश होत्या! मावशीने लेकीची वेणी घातली. सुईने पिशवीतून जाळं काढलं आणि चार ओळी विणल्या. दोरा मात्र डाव्या दाढेत धरला, उजवीवर नको म्हणाली. मी खुंटीवरून पाहत होते, आणि मीही खूश झाले हे कबूल करते. मला वाटलं, कोण जाणे, बियांचा धूर असला तरी लागू पडत असेल.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी बोट आली. शेजारचे एक आजोबा आदल्या दिवसापासून दुकानदाराशी भांडत होते, त्यांना बिल्ला मिळाला नव्हता. त्यांचा पुढचा दात हलत होता, शेंगदाणा चावला असता तरी पडला असता. सुई म्हणाली, "आई, तरी एकदा दाखवून येऊ का? गिळताना जरा घसा आवळल्यासारखा वाटतो."

"काय दाखवणार? मेलेली कीड? अगं, बाईंनीच सांगितलंय, मेली की दुखत नाही. धुराने घसा धरला असेल. दे तो बिल्ला आजोबांना, दुवा देतील."

सुईने गळ्यातली दोरी काढली. आजोबांनी एकोणीस नंबरवर आपला हलता दात काढून घेतला आणि ते तो रुमालात बांधून घरी घेऊन आले. संध्याकाळी बोट भोंगा वाजवून निघून गेली. धक्क्यापासून झोपडी शंभर पावलांवर होती, मित्रांनो. मी मोजलेली आहेत, कारण नंतर तीच वाट मी मावशीच्या पिशवीतून गेले.

दुसऱ्या दिवशी सुईच्या जबड्याखाली सूज आली. दुपारपर्यंत ती दगडासारखी कडक झाली आणि एका बाजूची दोन्ही बाजूंना गेली. अंगात ताप. रात्र सरून सकाळी पाहिलं तर हनुवटीपासून गळ्यापर्यंत सगळं एकसलग. जीभ वर उचलली गेलेली, लाळ गिळता येईना, बोलली तर तोंडात घास असल्यासारखा आवाज. आडवं झालं की गुदमरायची, म्हणून बसूनच होती. मावशीने धुरीसाठी तापलेलं खापर आणलं आणि लेकीला म्हणाली, "तोंड उघड." तोंड उघडेना. दोन बोटं जातील एवढंही नाही.

तेव्हा मावशी पहिल्यांदा घाबरली. सूज ऐकून आदल्या दिवशीच पलीकडून आलेल्या जावयाला तिने हाक मारली. मिस्त्रीने आपली मोटारबोट काढली. सात तासांचा रस्ता. मावशीने हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं, लुगडं, तांब्या, बियांचा डबा आणि मी.

नदीवर ऊन रणरणत होतं. जावई बायकोला पाठीमागून धरून बसला होता, तिला पुढे वाकवून, कारण तसं बसलं तरच तिला श्वास यायचा. ती एकेक श्वास ओढत होती आणि प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायचा. मिस्त्री सारखा मागे वळून बघायचा. "आलं, आलं. तो पूल दिसला की इस्पितळ," तो म्हणत राहिला. दोन तास त्याने हेच म्हटलं. सुईने एकदा आईचा हात धरला आणि काहीतरी बोलली. ते जावयाला कळलं नाही. मावशीला कळलं असावं, कारण ती म्हणाली, "नाही गं, नाही मेली. माझीच चूक झाली, नाही मेली ती."

पूल दिसला तेव्हा शिट्टी थांबली. सुई डोळे मोठे करून आईकडे पाहत होती, छाती हलत होती, पण हवा आत जात नव्हती. मावशीने पिशवी उपसली आणि मला बाहेर काढलं. इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडात धूर नेला. त्या क्षणी मला फक्त हवा न्यायची होती. मी मोकळी होते. आरपार मोकळी. थोडीशी फट मिळती तर मी घशापर्यंत गेले असते. मावशीने मला लेकीच्या दातांवर टेकवून जीव खाऊन दाबलं. "उघड गं, माझी बाई, थोडं उघड!" जबडा उघडला नाही. मी दातांवरून घसरले. माझ्या तोंडावर तो ओरखडा पडला तो तेव्हाचा.

बोट इस्पितळाच्या पायऱ्यांना लागली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी पिशवीतच होते. कोणी घासलं नाही, खुंटीवर टांगलं नाही. मावशी ओसरीवर बसून असायची. लेकीचं अर्धवट विणलेलं जाळं तिने मांडीवर घेतलेलं असायचं, पण तिला गाठ मारता येत नव्हती. मग एका दुपारी एक वल्हेकरी गाल धरून आला. बोट यायला चार महिने होते. जाणार कुठे बिचारा? मावशी उठली. पाणी, वीट, खापर, बिया, मडकं. हात आपोआप चालत होते. तिने मला भोकात बसवलं आणि माझं टोक त्याच्यापुढे केलं. वल्हेकऱ्याने माझ्यावरचा तो ओरखडा पाहिला, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मावशी, राहू दे," तो चाचरत म्हणाला. "मी... मी गुळण्याच करतो." आणि चपला हातात घेऊन निघून गेला.

मावशी तशीच बसून राहिली. माझ्यातून धूर निघत होता आणि कोणाच्याच तोंडात न जाता छपराकडे जात होता. आत बिया तट्कन फुटत होत्या. धूर संपल्यावर, केवळ हाताच्या सवयीने, तिने मडकं उचललं.

पाण्यावर किडी तरंगत होत्या.

तिने काडी घेतली आणि मोजल्या. "एक, दोन, तीन..." आठ निघाल्या. तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. तिने मला भोकातून उपसलं आणि डोळ्यांसमोर धरलं.

"या कोणाच्या?" तिने मला विचारलं.

तिने आणखी बिया टाकल्या, मडकं घातलं, उचललं. पुन्हा किडी. तिने एक कीड नखावर घेतली, उजेडात नेली, चिरडली. मग डब्यातली एक कोरडी बी दातांखाली फोडली, तिच्या त्या चार दातांखाली, आणि आतला कोंब तळहातावर घेऊन नखावरच्या किडीशेजारी ठेवला. ती रडली नाही. तिने परात दारात नेऊन पालथी केली आणि बियांचा डबा चुलीत रिकामा केला. बराच वेळ तट्-तट् आवाज येत होता.

तिने लोकांना सांगितलं नाही असं नाही. धक्क्यावर उभी राहून सगळ्यांना सांगितलं, करून दाखवते म्हणाली. लोकांनी मान हलवली. "लेक गेली, डोक्यावर परिणाम झाला," म्हणाले. वरच्या वस्तीत दुसरी एक कीडवाली आहे. वल्हेकरी शेवटी तिच्याकडे गेला, आणि त्याच्या तेरा निघाल्या.

पुढच्या खेपेला बोट आली तेव्हा मावशी बिल्ल्याशिवाय रांगेत उभी राहिली. सगळ्यात शेवटी तिचा नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत बसायला सांगितलं. ती बसली नाही. तिने मला त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, काही वगळलं नाही.

"त्या दिवशी पाठवलं असतं तिला, तर?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाई हातमोजे काढत होत्या. त्यांना खोटं बोलता आलं असतं. "पाच मिनिटांचं काम होतं, मावशी," त्या म्हणाल्या. आणि हातमोजे टेबलावर ठेवत म्हणाल्या, "त्या दिवशी मी हसले होते. माझं वाक्य अर्धं राहिलं."

तेव्हापासून मी या बोटीवर आहे, चिमट्यांच्या आणि आरशांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. ही सगळी चकचकीत मंडळी माझ्याकडे तिरक्या नजरेने बघतात. बघू देत. मला कोणी दोन्ही हातांनी उचलावं अशी हौस आता उरलेली नाही.

मित्रांनो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, त्या चांगल्या. लवंगही धरा, तेवढ्यापुरतं बरं वाटेल. पण ते अर्धं राहिलेलं वाक्य मी पुरं करते, ते विसरू नका. नस मेली म्हणजे दुखणं संपत नाही, ते सांगणारी मरते. तिच्यामागे पू आपला खाली सरकत राहतो, आवाज न करता. ठणकणारी दाढ तुमची वैरी नाही. ती हाका मारत असते. तिची हाक थांबली म्हणून दाराला कडी लावून झोपू नका.

नदी तशीच रुंद आहे. बोट अजून वर्षातून दोनदाच येते आणि बिल्ले चाळीसच आहेत. बोट यायच्या चार दिवस आधी मावशी दोन्ही काठांवरच्या घराघरांत जाते. लोक तिला वेडी म्हणतात, पोरं तिच्या भोंग्याची नक्कल करतात. कोणाची दाढ दुखते का, असं ती विचारत नाही. दुखणारे आपण होऊन येतात. ती उंबऱ्यात उभी राहते, घरातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहते आणि विचारते,

"या घरात कोणाची दुखायची थांबलीय का?"